देवीला सोडलेली फुगडी

"जोर लाव वैजयंता, थांबू नकोस! आत्ता अजिबात थांबू नकोस!"

"मी कुठं थांबलेय, डॉक्टर? तीच थांबलीय!"

ती म्हणजे माझी मुलगी. मुलगीच आहे हे तोवर कुणाला माहीत नव्हतं, पण मी तसं मनाशी धरून चालले होते. सकाळपासून मी त्या टेबलावर होते आणि ही बाई दारापर्यंत येऊन अडून बसली होती. मी कन्याशाळेत खेळाची शिक्षिका, खो-खोत तालुका गाजवलेली. बाळंतपणात काय असतं, दम धरायचा, जोर लावायचा आणि मोकळं व्हायचं, अशा थाटात मी दवाखान्याची पायरी चढले होते. दुपारपर्यंत तो थाट पार उतरला.

उशाशी आत्ती उभ्या होत्या. आमच्या गडहिंग्लज भागात सासूला आत्ती म्हणतात. माझी आई मी शाळेत शिकत असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज माझ्या बाबतीत जमण्यातला नव्हता. "माझ्या घरात आलीस, माझ्याच हाताखाली बाळंत हो," एवढं बोलून आत्तींनी तो विषय संपवला होता. आता त्या माझा हात धरून उभ्या होत्या, आणि मी तो इतका आवळला होता की त्यांच्या हिरव्या बांगड्यांतल्या दोन-चार फुटल्या होत्या.

डॉक्टर हसबनीसबाईंनी पोटाला नळी लावून ऐकलं आणि त्यांचा आवाज एकदम शांत झाला. "बाळाचे ठोके मंदावताहेत. मी आता व्हॅक्यूम लावते. वाटीएवढा कप असतो, तो बाळाच्या डोक्याला चिकटतो. कळ आली की तू ढकलायचं आणि मी ओढायचं. दोघींनी मिळून. कळलं?"

मी मान हलवली. आत्ती पुढे झाल्या.

"वढा बाई, पर जपून वढा."

"बाळाला काही होणार नाही, आजी."

"बाळाचं न्हाई बोलत मी. हिला जपून वढा म्हंतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी म्हणतो' असंच बोलतात. हसबनीसबाई मूळच्या पुण्याच्या. त्यांनी क्षणभर आत्तींकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

कळ आली. मी ढकललं, त्यांनी ओढलं. पुन्हा आली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो म्हणे बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत गेला. आणि मग लगेच दुसरा आवाज आला, बारीक पण चांगलाच भांडखोर. मुलगीच होती. कप लावला होता तिथं डोक्याला टेंगूळ आलं होतं, त्यामुळे पोरगी अंबाडा घालूनच जन्माला आल्यासारखी दिसत होती. "दोन दिवसांत उतरेल ते," डॉक्टर म्हणाल्या, आणि मग खाली वाकून बघता बघता गंभीर झाल्या.

"चांगलंच फाटलंय गं. मागच्या स्नायूपर्यंत गेलंय. टाके नीट घालायला हवेत, वेळ लागेल. भूल देते तुला."

सिस्टर नातीला दुपट्यात गुंडाळून आत्तींसमोर घेऊन आली होती. आत्तींचं लक्षच नव्हतं.

"शिवणार न्हवं? सगळं शिवा. आतनं, बाहीरनं, सगळं. घाई करू नगा."

"आजी, नात बघा आधी!" सिस्टर हसायला लागली.

"नात कुटं पळून चाललीया? आधी हिचं हुंदे."

मला वाटलं, आत्ती घाबरल्या आहेत. भूल चढायच्या आधी माझ्या मनात आलेला तो शेवटचा विचार.

बाहेर माझ्या नवऱ्यानं आपल्या नावाला जागायचं ठरवलं होतं. त्याचं नाव धैर्यशील. सिस्टर रक्ताची चादर घेऊन त्याच्यासमोरून गेली आणि हे महाशय धाडकन खाली पडले. त्यामुळे मी शुद्धीवर आले तेव्हा शेजारच्या खाटेवर तो सलाईन लावून झोपलेला होता आणि गावाकडून बघायला आलेल्या बायका आधी त्याची विचारपूस करून मग माझ्याकडे येत होत्या.

घरी सोडताना हसबनीसबाईंनी मला बजावलं, "दीड महिन्यानं दाखवायला ये. खालची जागा आवळून धरायचा व्यायाम रोज कर. आणि लघवी, वारा, संडास, कशावरही ताबा राहत नसेल तर लाजायचं नाही, मला येऊन सांगायचं." हे त्या बोलत होत्या तेव्हा खोलीत धैर्यशील, त्याचे काका आणि रिक्षावाला असे तिघं उभे होते. मी "हो, हो, हो" म्हणत विषय गुंडाळला आणि बाहेर पडले. व्यायाम कसा करायचा ते विचारलंच नाही.

पुढचे महिने कसे गेले ते मी आज हसत सांगते आहे, तेव्हा हसू येत नव्हतं. टाके भरले, दुखणं थांबलं, मुलीचं टेंगूळ उतरलं. पण शिंक आली की मी जागच्या जागी मांड्या आवळून उभी राहायचे, आणि तरी व्हायचं ते व्हायचंच. खोकला आला की तेच. वाकून बादली उचलली की तेच. वाऱ्याचं तर विचारूच नका. तो माझं ऐकतच नव्हता. चारचौघांत आवाज झाला की मी मांडीवरच्या मुलीकडे बघायचे. घरचे तिचंच कौतुक करायचे. "काय दणका आहे! पैलवान होणार आमची शर्वरी," असं धैर्यशील मित्रांना अभिमानानं सांगायचा. त्यातले निम्मे दणके माझे होते.

खरा प्रश्न नोकरीचा होता. माझी रजा नागपंचमीनंतर संपणार होती. शंभर मुलींसमोर धावायचं, उड्या मारून दाखवायच्या, त्या पडल्या की उचलायचं, हेच माझं काम. एकदा घरात कुणी नसताना मी परसात जाऊन शिट्टी फुंकून पाहिली. साधी शिट्टी. तेवढ्यानंही परकर ओला झाला. मी शिट्टी तिथंच पायरीवर ठेवली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून खूप रडले. दुसऱ्या दिवशी जेवताना घरात सांगून टाकलं की मी नोकरी सोडणार, मुलीकडे बघायला हवं.

काय कौतुक झालं माझं! धैर्यशीलनं गावभर सांगितलं की लेकीसाठी वैजूनं सरकारमान्य शाळेतली नोकरी सोडली. शेजारच्या काशाक्का येऊन माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या. मला मात्र त्या प्रत्येक कौतुकानं आतून जाळलं. मला ती नोकरी हवी होती. मैदानावरची धूळ, पोरींचा कालवा, सगळं हवं होतं. एकट्या आत्तींनी कौतुक केलं नाही. "बघू पंचमी झाल्याव," एवढंच म्हणाल्या आणि ताटातला भात कालवत राहिल्या.

पंचमी आली. नागपंचमीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, तशा माझ्या मोठ्या नणंद शैलावन्सं आल्या. दणकट बाई, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. घरात पुरणाची दिंडं उकडत होती, तंबिटाचे लाडू वळले होते, लाह्या फोडल्या होत्या आणि हरभऱ्याची उसळ पातेलंभर केली होती. उसळ मी पानात घेतलीच नाही. वन्संनी वाढायला आणली तर मी ताटावर दोन्ही हात पालथे घातले.

"अगं, बाळंतिणीनं खाल्ली पायजे उसळ, दूध वाढतं!"

"नको वन्सं, नको वाटते मला."

आत्तींनी चुलीपाशी बसल्या बसल्या माझ्याकडे एकदा बघितलं.

जेवणं झाल्यावर बायका जमायला लागल्या. आमचं अंगण मोठं, त्यामुळे पंचमीच्या फुगड्या दरवर्षी आमच्याकडेच. मी शर्वरीला मांडीवर घेऊन उंबऱ्याजवळ अशी काही घट्ट बसले होते की मला उठवायचं तर उंबरा उचलावा लागला असता. झिम्मा झाला, पिंगा झाला, कोंबडा झाला. कोंबड्याला उकिडवं बसून उड्या मारत जायचं असतं. त्या दिवशी मी पहिल्यांदाच एक गोष्ट नीट पाहिली. पोरीसोरी सगळ्या कोंबड्याला उठल्या, पण लेकुरवाळ्या बायका एकेक करून मागं सरकल्या. एकीचे गुडघे धरले होते, दुसरीला चूल बघायची होती, तिसरीच्या पोटात पुरण जड झालं होतं.

मग काशाक्कांनी आत्तींना छेडलं. "शेवंता, तूबी ये की एकडाव. तुझी न् माझी फुगडी बघायला पलीकडच्या गावच्या बाया यायच्या, आठवतंय का?"

"देवीला सोडलीया मी," आत्ती म्हणाल्या.

"व्हय की, इसरलोच." काशाक्कांनी लगेच हात जोडले. आणखी दोघीतिघींनी जोडले.

आमच्याकडे देवाला काहीबाही सोडायची पद्धत आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी तपकीर सोडतं. आत्तींनी मुलगा झाला म्हणून फुगडी सोडली होती. धैर्यशीलला या गोष्टीचा कोण अभिमान! लग्न ठरल्यावर आमची पहिली भेट झाली, तेव्हा त्यानं मला सांगितलेली पहिली गोष्ट हीच. "माझ्यासाठी आईनं फुगडी सोडली. गावात तिच्यासारखी कुणी खेळत नव्हतं." मला तेव्हा ते फार मोठं वाटलं होतं, आणि थोडी भीतीही वाटली होती की आता मला काय सोडायला लावतात.

"मग सुनंला तरी सोड की!" काशाक्का हटेनात. "खो-खोची मास्तरीण नुसती बसून ऱ्हाती व्हय?"

"बाळ झोपलंय," मी म्हणाले.

"आन हिकडं!" शैलावन्संनी शर्वरीला उचलून कुणाच्या तरी ओटीत टाकलं आणि मला दोन्ही हातांना धरून ओढत अंगणाच्या मध्यावर नेलं. मी नको नको म्हणत होते. सगळ्या हसत होत्या. नको म्हणणं हा फुगडीतला भागच आहे असं सगळ्यांना वाटतं.

हात गुंफले, पायाला पाय लावले आणि वन्सं मागं झुकल्या. मला दुसरा मार्गच उरला नाही. फुगडीत हात मध्येच सोडता येत नाहीत. सोडले तर दोघी दोन दिशांना जाऊन पडतात. पहिल्या दोन-तीन गिरक्या बऱ्या गेल्या. खरं सांगायचं तर क्षणभर मजाही आली. अंगण फिरायला लागलं, बायका ओरडायला लागल्या, वन्संनी वेग वाढवला, आणि मला कळलं की आता धरता येत नाहीये. मी सगळं बळ लावून आवळलं. काही उपयोग झाला नाही. गरम ओल मांडीवरून खाली उतरली, आणि माझ्या अंगावर लिंबाच्या रंगाचं, पाण्याचा थेंबही लपणार नाही असलं पातळ होतं.

"वन्सं, थांबा!"

"अजून! अजून!" बायका ओरडल्या.

वन्सं शेवटी दमून थांबल्या. मी गरगरत उभी होते. समोर काशाक्का बसल्या होत्या आणि त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली यायला लागली होती. मला वाटलं, भुईनं मला आत घ्यावं, आत्ताच्या आत्ता.

तेवढ्यात डोक्यावरून पाणी कोसळलं. थोडंथोडकं नाही, प्यायला भरून ठेवलेली अख्खी तांब्याची घागर. मी आणि वन्सं दोघी नखशिखांत भिजलो. मागं आत्ती रिकामी घागर हातात घेऊन उभ्या होत्या.

"आई!" वन्संनी टाहो फोडला. "नवं लुगडं हाय माझं! डोळं फुटलं का तुझं?"

"पाय घसरला गं बाई."

"कोरड्या अंगणात पाय घसरतोय?"

"म्हातारी झालो आता. घसरंल न्हाईतर काय करंल?"

काशाक्का पोट धरून हसायला लागल्या. एका पोरीनं हौदातलं पाणी तांब्यानं उडवलं, दुसरीनं तिच्यावर बादली ओतली, आणि बघता बघता अंगणात दंगा सुरू झाला. जिच्यातिच्या अंगावर पाणी. त्या पन्नास ओल्या लुगड्यांत माझं एक ओलं पातळ कुणाला दिसणार होतं? आत्तींनी माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं.

त्यांनी माजघराचं दार लावलं, दांडीवरचं कोरडं लुगडं माझ्याकडे टाकलं आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मी दात वाजवत कपडे बदलत होते. डोक्यावर दोन घागरी आणि कमरेवर तिसरी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढणारी ही बाई. तिच्या हातून थेंब सांडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"कवाधरनं हाय?" आत्ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या.

मी निऱ्या घालत राहिले.

"सारखी परकर धुतीस. शिंक आली की हुबी ऱ्हातीस. शर्वरीच्या नावावं बिलं फाडतीस. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मग माझा बांध फुटला. लघवीचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, शिट्टीचंही सांगितलं. शिट्टीचं सांगताना मला हुंदका आला. आत्ती वळल्या.

"आन् मास्तरकी सोडणार हुतीस ती ह्याच्यापायी?"

"हो."

"आगं माझ्या कर्मा! आन् आमी गावभर आरती ओवाळत सुटलोय, पोरीसाठी सोडती म्हणून!" त्या एकदम हसायला लागल्या. ते बघून मलाही हसू आलं, आणि हसल्यामुळे पुन्हा जे व्हायचं ते झालं. "हसू नका आत्ती, हसवू नका!" मी ओरडले. त्यांनी दांडीवरचं दुसरं लुगडं काढलं आणि न बोलता माझ्याकडे टाकलं.

"डाक्टरणीनं काय सांगितलं हुतं?"

"दाखवायला ये म्हणाल्या होत्या. मी गेले नाही."

"का?"

"लाज वाटली. आणि वाटलं, सगळ्यांचं असंच असेल. सगळ्या गप्प बसतात, मीही बसेन."

आत्तींनी माझे ओले कपडे गोळा केले. बाहेर पाण्याचा दंगा चालूच होता. "उद्या जायाचं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी येतो संगं."

सकाळी धैर्यशील मध्ये आला. "दवाखान्यात कशाला? काय झालंय?"

"टाकं दाखवायचं हायत," आत्ती म्हणाल्या. "तू येतोस? चल की, टेबलापाशी हुबा ऱ्हा."

धैर्यशीलचा चेहरा उतरला. त्यानं मुकाट्यानं शर्वरीला कडेवर घेतलं आणि आम्हाला रिक्षात बसवून दिलं.

हसबनीसबाईंनी मला तपासलं, हात धुतले आणि खुर्चीवर बसून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "स्नायू छान जुळलाय. टाके मी चांगले घातले होते, हे मीच सांगते. पण त्याच्यात ताकद नाही. व्यायाम किती केलास?"

"काहीच नाही."

"शाळेत एखाद्या मुलीचा पाय मुरगळला, बरा झाला, की पुढं काय करायला लावतेस?"

"हळूहळू चालवायला लावते. मग ताकदीचे व्यायाम."

"आणि ती म्हणाली, माझा पाय आता गेला, मी शाळाच सोडते, तर?"

शेजारी आत्ती तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग डॉक्टरांनी मला व्यायाम शिकवला. वारा अडवताना आवळतो तशी जागा वर ओढून धरायची, मनात अंक मोजायचे, सोडायची, पुन्हा धरायची. भात ढवळताना करता येतो, रांगेत उभं राहून करता येतो, कुणाला कळतसुद्धा नाही. "रोज कर, कंटाळा करू नकोस. बहुतेकींना काही महिन्यांत चांगला फरक पडतो. नाहीच पडला तर कोल्हापूरला यातले तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडे पाठवीन. तिथंही इलाज आहे. असंच राहायचं हा पर्याय मात्र यात नाही."

"आणि शाळा?"

"जा की! उड्या पोरींना मारू देत, तू कडेला उभी राहून सांग. शिट्टीही एखादीच्या गळ्यात अडकव. मास्तरणीनं शिट्टी दिली म्हटल्यावर पोरगी हवेत चालेल."

इतकं साधं होतं ते. पोरींच्या गळ्यात शिट्टी. मला ते कधी सुचलंच नव्हतं. मी डॉक्टरांचे हात धरले. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. मी पिशवी उचलली आणि उठले.

"चला आत्ती."

आत्ती उठल्या नाहीत. मांडीवर दोन्ही हात ठेवून तशाच बसून राहिल्या. मला वाटलं, गुडघे धरले असतील. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"डाक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "जुनं असलं तर चालतंय का?"

"काय जुनं, आजी?"

"हेच. हिचं हाय तसलं."

मी परत खाली बसले. हसबनीसबाईंनी हातातलं पेन ठेवलं. "कधीपासून आहे?"

"हिचा नवरा झाला तवापास्नं." आत्तींनी माझ्याकडे बघणं टाळलं. "घरातच झाला. डोस्कं मोठं हुतं, दोन दीस अडला. सुईणीनं हात घालून वढला. फाटलं ते तसंच ऱ्हायलं, कुणी शिवलं न्हाई. शेक दिला, धुरी दिली, झालं. आधी नुसतं गळायचं. आता अंगबी बाहीर येतंय. खोकला आला की हातानं आत सारतो."

धैर्यशील तेव्हा तिशीचा होता. मी त्यांच्या घरात येऊन तीन वर्षं झाली होती, त्यांच्या हातचं जेवले होते, त्यांच्याशेजारी झोपले होते, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. दवाखान्यात त्यांनी 'सगळं शिवा' म्हणून धरलेला हट्ट मला आत्ता कळला.

"पण आत्ती," मी म्हणाले, "फुगडी तर तुम्ही देवीला सोडली होती ना?"

"देवी काय करंल गं माझ्या फुगडीचं?" आत्ती वैतागल्या. "त्यो झाला त्या वर्साच्या पंचमीला बाया लागल्या वढायला. काय सांगू त्यांस्नी? तोंडाला आलं ते बोललो, देवीला सोडली म्हणून. समद्यांनी हात जोडलं. म्हटलं, ब्येस झालं, आता कुणी वढायचं न्हाई."

"आणि आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"सासूला सांगितलं हुतं की. ती म्हणली, मलाबी हाय. तिच्या सासूलाबी हुतं म्हणं. मग मी म्हटलं, ह्या घरचं रगातच तसलं असंल."

"अहो आजी, सगळ्या सुना! वेगवेगळ्या घरांतून आलेल्या!"

"ते आत्ता कळतंय न्हवं," आत्ती म्हणाल्या, आणि स्वतःच इतक्या हसायला लागल्या की त्यांनी पटकन खुर्चीचा काठ धरला. त्या काठ का धरतात ते मला आता माहीत होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला हसूही येत होतं आणि डोळेही वाहत होते.

डॉक्टरांनी त्यांना पडद्याआड नेलं. जाताना आत्ती मला म्हणाल्या, "तू हितंच बस," आणि पडदा ओढल्यावर लगेच आतून हाक आली, "वैजू, ये गं आत." मी उशाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी डोळे मिटून माझा हात धरला. चांगलाच घट्ट धरला.

तपासून झाल्यावर हसबनीसबाई म्हणाल्या, "अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरलंय, पण घाबरायचं कारण नाही. एक रबराची रिंग असते, ती आत बसवली की अंग वर राहतं. तुमच्या मापाची आत्ताच बसवून बघते. त्यानं नाही भागलं तर ऑपरेशन करता येतं. व्यायाम तुम्हीही करायचा, सुनेबरोबर."

आत्ती कोपरावर उठून बसल्या. लुगडं सारखं केलं, कपाळावरचे केस मागं सारले. "मग उड्या मारता येतील का मला?"

"उड्या?" डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो, या वयात कशाला मारायच्यात उड्या?"

"न्हाईच मारायच्या," आत्ती म्हणाल्या. "पर न्हाई मारायच्या, ते माझ्या मर्जीनं हुंदे की एकदा."

हसबनीसबाईंचं हसू थांबलं. त्यांनी सिस्टरला हाक मारली आणि बाहेरच्या पेशंटना जरा थांबायला सांगितलं.